उजव्या स्क्रीनचं दुखणं

१

रसीलाबेननी साड्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला तेव्हा मी डाळीचा गरम लोचो खात होते. हाताचं तेल पुसायलाही सवड मिळाली नाही.

"ओळख," त्या म्हणाल्या.

ओळखायचं काय त्यात! पहिली साडी उलगडली आणि हातातला घास बशीत परत ठेवला. पदरावर आमचा तोरणाचा काठ होता. दुसरीवर हत्तीची अंबारी. तिसरीवर मोर. आमच्या स्टुडिओने लग्नसराईसाठी काढलेला 'हस्तमेळाप' संच आमच्याआधी बाजारात येऊन बसला होता. पुढच्या आठवड्यात कोलकात्याचे आणि चेन्नईचे व्यापारी तो बघायला सुरतला येणार होते.

"कुठे मिळाल्या?" मी विचारलं.

"रिंग रोडला. सहारा दरवाज्याजवळच्या दुकानात, चक्क बाहेर टांगलेल्या. उर्विशने बघितल्या." रसीलाबेन जरीवाला साठीच्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत. पण आज त्यांच्या हातातल्या चाव्या वाजत होत्या. "किन्नरी कुठंय?"

किन्नरी खत्री आमची मुख्य डिझायनर. हा सगळा संच तिच्या हातचा. मी सुनेत्रा, तिची मदतनीस. नंदुरबारहून लग्न करून सुरतला आले ती तेव्हापासून तिच्या बाजूच्या टेबलावर. रसीलाबेनचा भाचा उर्विश विक्री बघतो. आणि त्रुपल राणा रंग वेगळे करतो, म्हणजे एका चित्रातला प्रत्येक रंग सुटा करून छपाईच्या मिलला देतो; हा संच अजून त्याच्याकडे जायचा होता. डिझाइनच्या खोलीत शिरायची मुभा फक्त आम्हा चौघांना.

किन्नरी आली. मोराची साडी तिने हातात घेतली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"याच्या पिसाऱ्याला डोळे नाहीत," ती पुटपुटली.

"म्हणजे?"

"मी दुपारी जेवायला गेले तेव्हा मोर असा अर्धवट होता. परत येऊन लगेच पिसांत डोळे भरले. हा अर्धा मोर मी कधी जतनच केला नाही, बेन. फाइलमध्ये तो नाहीच. हा फक्त माझ्या स्क्रीनवर होता."

रसीलाबेननी चाव्या मुठीत घट्ट धरल्या.

"तुझ्या लॅपटॉपला इंटरनेट नाही. त्याला पेनड्राइव्ह चालत नाही. रात्री तो माझ्या कपाटात असतो. सगळ्यांचे फोन दारातल्या पेटीत. आणि हा मोर फक्त तुझ्या स्क्रीनवर होता. मग तूच सांग किन्नरी, मी कोणाला चोर म्हणू?"

बाहेर नमुने कापणाऱ्या बायकांचे हात थांबले. सगळ्यांनी ऐकलं होतं.

२

किन्नरी रडली नाही. ती खुर्चीत बसली आणि उजव्या हाताच्या मॉनिटरकडे बोट दाखवून ओरडली, "या स्क्रीनवर? या भुताटकीवर? ज्याच्यावर मला स्वतःलाच धड दिसत नाही, ते मी दुसऱ्याला काय विकणार?"

हे बाकी खरं होतं. त्या उजव्या स्क्रीनने नवरात्रीपासून आमचा जीव नकोसा केला होता.

किन्नरीचा लॅपटॉप आणि त्याला जोडलेले दोन मोठे मॉनिटर, अशी तिची बैठक. डाव्यावर रंगांचे डबे, उजव्यावर चित्र. उजवा नवाच घेतलेला. आला तेव्हा त्यावर जरीचा एकेक धागा मोजता यायचा. मग नवरात्रीच्या आधी ऑफिसला रंग दिला, टेबलं हलली, वायरी लोंबकळू नयेत म्हणून प्रत्येक टेबलाखाली पत्र्याची बंद पन्हळ बसवली. काही दिवस बरे गेले. आणि एका सकाळी उजव्या स्क्रीनवरचं सगळं जाडं, फुगलेलं, पुसट. मधेच स्क्रीन काळी व्हायची आणि आपली आपण परत यायची.

सगळ्यांनी सांगितलं, वायर खराब असेल. किन्नरीने नवी एचडीएमआय वायर आणली. त्रुपलने ती पन्हळीतून नीट ओवून दिली. फरक शून्य. मग कोणी म्हणालं, टाइप-सीची वायर लाव. आणली. चित्रच येईना. ती वायर नुसती चार्जिंगची निघाली. दोन्ही वायरींची तोंडं हुबेहूब एक, पण एकीतून चित्र जातं, दुसरीतून फक्त वीज. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला.

मग त्रुपल तिच्याबरोबर स्वतः बाजारात गेला. मॉनिटरच्या मागे डिस्प्लेपोर्ट नावाचं दुसरं एक भोक होतं. तिथे एचडीएमआयची वायर खोचता येईल असं छोटं टोक त्याने निवडून दिलं. आम्ही तिघांनी ते लावलं, काढलं, उलटं केलं, फुंकलं. स्क्रीन ढिम्म. शेवटी उर्विशने डबीवरची बारीक अक्षरं वाचली आणि खो खो हसला.

"अरे, हे एकदिशा मार्गाचं टोक आहे! लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट असेल तर इकडून चालतं, मॉनिटरकडून नाही चालत. किन्नरीबेन, तुम्ही डिझाइनं काढा. वायरी तुमच्या कुंडलीत नाहीत."

"तुझ्या जिभेला लाव एखादं टोक," किन्नरी म्हणाली.

उर्विश असाच. पण त्यानेच नंतर ऑफिसतर्फे टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ एक केबल मागवली आणि टेबलावरूनच लॅपटॉपला लावून दिली. "आता विषय संपवा," म्हणाला. आणि खरंच, त्या दुपारी स्क्रीन आरशासारखी लख्ख झाली! किन्नरीने त्या दुपारी एका बैठकीत केवड्याची बुट्टी काढली. इतकी सुंदर, की मी चहा विसरले.

दुसऱ्या सकाळी ती केबल गायब. जागी जुनीच एचडीएमआय, आणि स्क्रीनचं दुखणं पुन्हा सुरू.

उर्विश म्हणाला किन्नरीने हरवली. किन्नरी म्हणाली उर्विशने परत केली. दोघं चार दिवस बोलले नाहीत. शेवटी किन्नरीने हात टेकले आणि त्याच पुसट स्क्रीनवर उरलेला संच पुरा केला.

आता तीच स्क्रीन तिच्यावर उलटली होती.

३

पोलिसांत जायचं तर बाजारभर बोभाटा होणार. म्हणून रसीलाबेननी दुसऱ्या दिवशी आपल्या शाळेतल्या मैत्रिणीला बोलावलं.

फ्रेनी करंजिया, नानपुऱ्यात राहणाऱ्या. उभा जन्म विमा कंपनीसाठी जळालेल्या मिलांची पाहणी केली. आग लागली की लावली, हे राखेवरून सांगायच्या. गुडघा दुखत होता, त्यामुळे जिना चढून आल्या त्या चिडूनच.

"रसू, तुझ्याकडे लिफ्ट नाही आणि चहा गार आहे. चोर तरी बरा आहे का?"

"तू आधी बघ तर खरं."

"बघते. या साड्या आणि लॅपटॉपमधली मूळ चित्रं मला शेजारी-शेजारी ठेवून बघायची आहेत. मोठ्या स्क्रीनवर. माझे डोळे म्हातारे आहेत."

किन्नरीने घुश्शातच उजव्या स्क्रीनवर तोरण उघडलं. फ्रेनीबाई नाक लावून बघू लागल्या. तेवढ्यात स्क्रीन काळी झाली, मग पुन्हा आली.

"हे काय?"

"ती तशीच आहे," मी म्हणाले.

"ती तशीच आहे," मागून त्रुपलही हळूच म्हणाला. "खूप उपाय केले, बेन. शेवटी सवय करून घेतली."

फ्रेनीबाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "जळालेल्या प्रत्येक मिलमध्ये मला कोणीतरी म्हणायचं, तो पंखा तसाच आवाज करतो बाई, ते बटण तसंच तडतडतं. 'तसंच आहे' म्हणतात तिथूनच आग लागलेली असायची. दीकरा, ही स्क्रीन कधीपासून बिघडली?"

किन्नरीने सांगितलं. पहिल्या वायरीपासून शेवटच्या केबलपर्यंत, मधल्या सगळ्या शिव्यांसकट. ऐकून झाल्यावर फ्रेनीबाईंनी विचारलं, "लॅपटॉपला विचार, उजव्या बाजूला कोण आहे?"

"म्हणजे?"

"वायर जोडली की लॅपटॉप पलीकडच्याला विचारतो, तू कोण, किती मोठा? मॉनिटर आपलं नाव आणि माप सांगतो. त्या मापाने लॅपटॉप चित्र पाठवतो. सेटिंगमध्ये दिसेल."

किन्नरीने उघडलं. डाव्या मॉनिटरचं नाव बरोबर होतं. उजव्याच्या जागी भलतीच काहीतरी अक्षरं होती. मॉनिटरच्या पट्टीवर छापलेलं नाव वेगळंच. आणि माप अर्धं.

"आम्हाला वाटलं, हे कॉम्प्युटरचं आपलं काहीतरी असेल," किन्नरी म्हणाली.

फ्रेनीबाई ताठ बसल्या.

"म्हणजे मॉनिटर बोलतच नाही. त्याच्या आधी दुसरंच कोणीतरी उत्तर देतंय."

४

पेचकस आणवला. उर्विशने टेबलाखाली शिरून पन्हळीचं झाकण उघडलं. आत आमची लाडकी एचडीएमआय वायर सुरुवातीला एकच होती. मधे ती एका काळ्या डबीत शिरत होती आणि डबीतून दोन होऊन बाहेर पडत होती. एक वायर मॉनिटरकडे. दुसरी शेजारच्या आणखी एका डबीत, जिला छोट्या कार्डासाठी फट होती. फट रिकामी.

"एक डबी चित्राचे दोन वाटे करते," फ्रेनीबाई म्हणाल्या. "दुसरी आपला वाटा कार्डावर उतरवून घेते. स्क्रीनवर जे दिसेल ते सगळं, सबंध दिवस. म्हणून तो बिनडोळ्यांचा मोर बाहेर गेला. फाइल कोणी चोरलीच नाही, रसू. नुसतं दिसणं चोरलं. आणि या स्वस्तातल्या डब्या मोठं चित्र पेलू शकत नाहीत, म्हणून लॅपटॉपला छोटं माप सांगतात. तेच या पोरीच्या स्क्रीनचं दुखणं."

किन्नरीने कपाळावर हात मारला. "आणि मी वायरी बदलत बसले!"

पण रसीलाबेनचा चेहरा निवळला नव्हता.

"फ्रेनी, डबी कोणाच्या टेबलाखाली सापडली? हिच्याच ना? मग हिनेच बसवली नसेल कशावरून?"

किन्नरीने हळूहळू आपली पर्स उचलली.

"बस खाली," फ्रेनीबाई कडाडल्या. "रसू, जरा डोकं चालव. जी बाई स्वतः डबी बसवते, ती तिच्यामुळे बिघडलेली स्क्रीन दुरुस्त करायला बाजार पालथा घालेल? सगळ्यांना टेबलाखाली वाकून बघायला लावेल? चोर गप्प बसतो. ही नवरात्रीपासून बोंबलतेय. आता मला एकेकाला भेटू दे. आणि चहा गरम पाठव."

५

आधी उर्विश. मी चहा घेऊन गेले आणि बाईंनी मला तिथेच बसवून ठेवलं.

"साड्या तुला दिसल्या. त्या दुकानात तू काय करत होतास?"

उर्विशचे कान लाल झाले. "फिरत होतो."

"कामाच्या वेळी?"

"नोकरी बघत होतो," तो एकदम उसळला. "त्यांच्याकडे. मासीला सांगू नका. इथे मी जन्मभर भाचाच राहणार. पण चोर असतो तर साड्या बघून धावत इकडे कशाला आलो असतो?"

"ते मला ठरवू दे. या स्क्रीनला कुठली केबल लावावी असं तुझं मत?"

"कितीदा सांगू! टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट. सरळ, वरून. मी आणून लावलीही होती. चालली पण होती. या वेडीने हरवली."

मग त्रुपल. तो आला, नमस्कार केला, बाईंच्या गुडघ्याखाली उशी सरकवली. तो आमच्याकडे पंधरा वर्षं आहे. कोणाचं मूल आजारी पडलं तर डॉक्टरकडे जाणारा तो.

"किन्नरीबेनने हे केलेलं नाही," तो आपण होऊनच म्हणाला. "मी शपथ घेऊन सांगतो. बिचारी किती त्रासली! मी स्वतः तिच्याबरोबर बाजारात गेलो होतो."

"आणि चुकीचं टोक घेऊन आलास."

"मला त्यातलं कळत नाही, बेन. मला वायर आणि सुतळी सारखीच."

"तरी तुझं मत? कुठली केबल लावावी?"

"एचडीएमआयच बरी. साधी, जुनी, भरवशाची. ती डिस्प्लेपोर्टची नको. तिला तोंडाशी खटका असतो. तो दाबल्याशिवाय निघत नाही, ओढली तर मॉनिटरचं भोकच बाहेर येईल. किन्नरीबेनच्या केबलचा खटका तर इतका घट्ट, नखाने दाबूनही सुटत नव्हता."

"असं," फ्रेनीबाई म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला. "बरं, जा तू."

तो गेल्यावर मी म्हणाले, "बाई, उर्विशच असणार. तोंडाळ, त्यात नोकरी सोडायला निघालेला, तीही त्याच दुकानात!"

"आणि त्रुपल?"

"छे! तो देवमाणूस आहे."

"मी देवमाणसांच्या बऱ्याच मिल जळालेल्या बघितल्यात," बाई म्हणाल्या. "मला सांग, बाजारात आलेल्या साड्यांत तुमच्या संचातलं काय नाही?"

मला प्रश्न कळलाच नाही.

"काय काय चोरलं ते सगळे मोजतात. मी नेहमी बघते, काय वाचलं."

मी किन्नरीला बोलावलं. आम्ही दोघींनी लॅपटॉपमधलं एकेक चित्र उघडलं आणि साडी शोधली. तोरण होतं. अंबारी होती. कलश, मोर, वेलीचा काठ, सगळं होतं. शेवटी एकच चित्र उरलं, ज्याची साडी गठ्ठ्यात नव्हती.

केवड्याची बुट्टी.

उर्विशला परत त्या दुकानात पिटाळलं. तो धापा टाकत आला. "अख्खा संच आहे त्यांच्याकडे. केवडा नाही. विचारलं तर म्हणाले, केवडा कुठला?"

६

फ्रेनीबाईंनी सगळ्यांना खोलीत बसवलं. रसीलाबेन दाराशी उभ्याच राहिल्या.

"केवडा कधी काढलास?" बाईंनी किन्नरीला विचारलं.

"ज्या दुपारी उर्विशची केबल लावली त्या दुपारी. तेवढी एकच दुपार मला स्क्रीन धड दिसली."

"कारण ती केबल टेबलावरून गेली होती. पन्हळीतून नाही. डबीला त्या दिवशी काहीच मिळालं नाही. आता ज्याने डबी बसवली त्याच्या जागी बसून विचार करा. त्याला किन्नरीचं काम चालायला हवंय, पण फक्त एचडीएमआयवर, कारण त्याची डबी तेवढंच ओळखते. तिने वैतागून दुसरा रस्ता धरला की त्याचा धंदा बसला. म्हणजे ती सरळ केबल त्याला काढावीच लागणार. उर्विश, ती केबल मागवली कोणी? लावली कोणी?"

"मीच."

"बरोबर. चोर स्वतःच्या हाताने स्वतःची डबी बाद करत नाही. तोंड खराब असलं तरी सल्ला तुझाच खरा होता. उरली ही सुनेत्रा आणि उरला त्रुपल. सुनेत्रा, त्या दिवशी तू इथे होतीस?"

"होते. केबल लावताना मीच लॅपटॉप धरला होता."

"म्हणजे तुझी डबी असती तर तू तेव्हाच काहीतरी खुसपट काढलं असतंस. त्रुपल, तू होतास?"

"मी रजेवर होतो, बेन," त्रुपल शांतपणे म्हणाला. "बारडोलीला. चुलतभावाचा साखरपुडा होता. सगळ्यांना माहीत आहे."

हे मलाही आठवत होतं. दुसऱ्या सकाळी त्याने आणलेला पातरा, म्हणजे अळूवड्या, आम्ही सगळ्यांनी खाल्ला होता. किन्नरी केबल शोधत होती आणि तो तिला म्हणत होता, आधी खाऊन घे, मग शोध.

"सकाळी सगळ्यांच्या आधी आलास?"

"किल्ली माझ्याकडे असते."

"ती केबल बघितलीस?"

"कुठून बघणार? मी आलो तेव्हा ती गेलेली होती. किन्नरीबेनच्या तोंडूनच ऐकलं."

"मग तिचा खटका घट्ट होता हे तुला कोणी सांगितलं?"

त्रुपलची नजर स्वतःच्या टेबलाकडे गेली.

"मघाशी तू मला म्हणालास, नखाने दाबूनही सुटत नव्हता. किन्नरीने ती मॉनिटरकडून कधी काढलीच नाही. उर्विशने फक्त लावली, आणि लावताना खटका दाबावा लागत नाही. तो घट्ट आहे हे फक्त काढणाऱ्या हाताला कळतं. ज्याला वायर आणि सुतळी सारखीच, त्याला हे कसं कळलं?"

"सगळ्याच केबलना असतो खटका," तो कसंबसं म्हणाला.

"सगळ्यांना नसतो. उर्विश, याच्या मॉनिटरच्या मागे हात घाल."

त्रुपल उठायला लागला आणि परत बसला. उर्विशने त्याचा मॉनिटर फिरवला. काळी, जाड केबल. उर्विशने अंगठ्याने खटका दाबला. सुटेना. दोन्ही हात लावले, दात आवळले, तेव्हा कुठे टक आवाज झाला.

"माझीच," तो म्हणाला. "मी आणलेली हीच."

"चांगली केबल टाकून द्यायला जीव होत नाही माणसाला," फ्रेनीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, कंटाळा होता.

७

त्रुपलने नाकारलं नाही. त्या दुकानाने त्याला मुख्य डिझायनरची जागा देऊ केली होती. स्वतःचा संच घेऊन ये, म्हणाले होते. त्याच्याकडे संच नव्हता. पंधरा वर्षं तो दुसऱ्यांची चित्रं रंगारंगांत फोडत होता. स्वतःचं काढायला बसला की हातात किन्नरीचीच वेल यायची, असं तो म्हणाला.

रसीलाबेननी त्याला बरंच काही सुनावलं. तो दाराशी पोचला तेव्हा किन्नरीने हाक मारली.

"त्रुपलभाई, एक सांगा. चुकीचं टोक तुम्ही मुद्दाम दिलंत, ते कळलं. पण त्याआधी वायर ओवून दिलीत, माझ्याबरोबर उन्हात बाजारात हिंडलात, मला धीर देत राहिलात. ते कशासाठी?"

तो खाली बघत म्हणाला, "तुझं काम अडू नये म्हणून. तू थांबली असतीस तर मला काय मिळणार होतं?"

किन्नरीने मान हलवली, जणू कोणीतरी तिला पत्ता सांगितला होता. तो गेला.

संध्याकाळी रसीलाबेन तिला आपल्या खोलीत घेऊन गेल्या. दार लोटलेलं होतं, पण आवाज येत होता.

"चूक झाली माझी. मनात ठेवू नकोस."

"तुम्ही मला चोर म्हणालात ते दार उघडं ठेवून, बेन."

आत चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

सकाळी अगरबत्ती लावून झाल्यावर रसीलाबेन नमुन्यांच्या मोठ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. कात्र्या थांबल्या. त्यांना चारचौघांत माफी मागता येत नाही. मी तरी कधी ऐकली नव्हती. "मी हिला चोर म्हटलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या देखत. ते खोटं होतं. जिने ते बाहेर कुठे सांगितलं असेल तिने आता हेही सांगायचं." आणि गर्रकन वळून खोलीत गेल्या. त्यांचा पदर दारात अडकला, तो त्यांनी हिसकून घेतला.

व्यापाऱ्यांना नव्या संचासाठी महिनाभर थांबवलं. जुना संच तर गेलाच होता. पन्हळ काढून टाकली. वायरी आता उघड्या लोंबतात आणि रसीलाबेन त्यांत पाय अडकून रोज एकदा ठेचकाळतात, पण काही म्हणत नाहीत. उर्विशने ती केबल किन्नरीला लावून दिली आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

स्क्रीन उजळली. किन्नरी तिच्याकडे नुसती बघत बसली. मला वाटलं, खूश झाली असेल.

"सुनेत्रा," ती म्हणाली, "मी दोनदा डोळे तपासून आले, माहितीये? कोणाला सांगितलं नाही. रेषा पुसट दिसायच्या ना. वाटलं, संपलं आता, चित्रं काढायचे दिवस संपले. डोळ्यांना काही झालेलं नाही म्हणत दुसऱ्यांदा डॉक्टरही वैतागला. मीच हट्ट करून नंबर वाढवून घेतला."

तिने पर्समधून नवा चष्मा काढला, डोळ्यांना लावला, स्क्रीनकडे बघितलं आणि चटकन काढला.

"गरगरतंय," ती म्हणाली. मग हसली, आणि हसता हसता तिने चष्मा टेबलावर पालथा ठेवला व दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळाने, तोंडावरचे हात न काढताच, तिने मला दार लावून घ्यायला सांगितलं.